तळाशी अडकलेला ‘परत’

मला पाहून कोणी टपालपेटी समजते, कोणी तक्रारपेटी. एका नव्या कामगाराने तर माझ्या फटीतून केळ्याची साल आत टाकली होती. मित्रांनो, यातली मी कोणीच नाही. मी चिठ्ठ्यांची जुनी पेटी आहे. एका मोठ्या लाँड्रीच्या बोळात, संगणक विभागाच्या दाराशेजारी, सोळा वर्षे मी भिंतीवर होते. माझा हिरवा रंग उडाला होता आणि डाव्या कोपऱ्याला पोचा आला होता. अभिमानाने सांगावे असे मी पुष्कळ केले, आणि एक चूकही केली. दोन्ही सांगणार आहे. आधी चांगले सांगते, म्हणजे वाईट ऐकायला तुम्ही थांबाल.

माझा जन्म याच लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये झाला. एक धुलाईयंत्र मोडीत निघाले होते. फिटरकाकांनी त्याच्या अंगाचा पत्रा कापला, वाकवला, रिबिटे ठोकली, वर फट ठेवली आणि समोर कडीचे झाकण बसवले. तळाला त्यांनी दुहेरी पत्रा घातला. रंग देताना ते म्हणाले, "हिच्या अंगावरून आयुष्यभर पाणी गेलंय. आता गंजाची काय बिशाद हिला हात लावायची." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे धुवायला येतात. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक कार्ड फिरते. गठ्ठा कधी आला, कोणत्या यंत्रात गेला, कोणत्या पाळीने घडी घातली, सगळे त्या कार्डावर लिहितात आणि ते सगळे संगणकात जाते. पण संगणक बंद दाराआड होता. कोणाला काही जाणून घ्यायचे असेल तर प्रश्न कागदावर लिहायचा आणि माझ्या पोटात टाकायचा. कोणत्या यंत्राला साबण जास्त लागतो? कोणत्या दवाखान्याचे गठ्ठे नेहमी उशिरा निघतात? असले प्रश्न मी पोटात घेई. संगणक विभागाचे साहेब दिवसातून दोनदा माझे झाकण उघडत आणि उत्तरे छापून पाठवत. मी येण्यापूर्वी लोक दार ठोठावून त्यांचे डोके खात असत. "ही पेटी नसती तर मला वेड लागलं असतं," असे ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले. त्या दिवशी मी पत्र्याची असून फुगले.

पुढे काम वाढले. दोन दवाखान्यांचे अकरा झाले, चिठ्ठ्या चारांच्या चाळीस झाल्या, पण त्या वाचणारा माणूस एकच राहिला. साहेब दुपारचा डबासुद्धा संगणकासमोर खात. विचारायला कोणी आले की मान वर न करता म्हणत, "उद्या." लोकांनी त्यांचे नाव उद्यासाहेब ठेवले. तीन आठवड्यांनी उत्तर यायचे तोवर विचारणारा आपला प्रश्नच विसरलेला असे. वरातीमागून घोडे म्हणतात ना, तशी आमची घोडी रोज निघत होती.

आता त्या चुकीकडे येते.

तेव्हा दुपारपाळीची सुपरवायझर होती आत्या. खरी आत्या ती आमच्या एका घडीवालीची, पण सगळी लाँड्रीच तिला आत्या म्हणायची. तिची पद्धत ठरलेली होती. घडीच्या टेबलावर आलेली प्रत्येक चादर दोन हातांत ताणून ट्यूबलाइटसमोर धरायची. पुसटसा जरी डाग दिसला तरी चादर निळ्या टबात टाकायची आणि कार्डावर खूण करायची. तिच्या हाताखालून डागाची चादर दवाखान्यात गेली असे क्वचितच घडे.

तरी दर महिन्याला माझ्या शेजारच्या फलकावर जो अहवाल लागे, त्यात दुपारपाळीच्या नावापुढे सगळ्यांत मोठा आकडा असे. त्या रकान्याचे नाव होते ‘परत’. मालकीणबाई तो आकडा बघत आणि कपाळाला आठ्या घालत. सकाळपाळीचा सुपरवायझर, ज्याला सगळे झटपट म्हणत, तो जाता-येता त्या अहवालापुढे मिशीवरून हात फिरवी.

एका दुपारी आत्या बोळात आली. तिने चिठ्ठी चौघडी करून माझ्या फटीत सरकवली आणि वर दोन बोटांनी मला थोपटले, जणू म्हणाली, सांभाळ. अर्ध्या तासाने ओल्या कपड्यांची ढकलगाडी वळताना सुटली आणि माझ्या कोपऱ्यावर आदळली. पोचा आला तो तेव्हा. माझ्या तळाचा जोड उकलला आणि आत्याची चिठ्ठी दोन पत्र्यांच्या मधे घसरली. संध्याकाळी उद्यासाहेबांनी झाकण उघडले, बाकीच्या चिठ्ठ्या घेतल्या, झाकण लावले. मी ओरडले असते. पण पेटीला तोंड असते ते फक्त गिळायला.

आत्या वाट बघत राहिली. बोळातून जाताना तिची नजर आधी दाराकडे जाई, मग माझ्याकडे. पाच आठवडे गेले. सहाव्या आठवड्यात मालकीणबाईंनी तिचे सुपरवायझरपद काढले आणि तिला इस्त्रीच्या रोलरवर पाठवले. आत्याने पंधरा दिवस मुकाट्याने रोलर चालवला आणि मग नोकरी सोडली. जाताना तिने माझ्याकडे बघितलेही नाही. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. कोपऱ्यातला पोचा लोकांना दिसे. आतली चिठ्ठी मला बोचत राहिली.

दोन वर्षांनी दुपारपाळीचे सुपरवायझरपद आत्याच्या भाचीकडे आले. डाग शोधण्यात ती आत्याच्याही पुढे गेली, म्हणून तिला भिंगबाई म्हणत. चहाच्या कपातही ती आधी तळाला डाग आहे का बघते आणि मग पिते, अशी तिची चेष्टा होई. अहवालात दुपारपाळीचा आकडा पुन्हा चढला.

त्याच सुमारास माझ्या शेजारी एक स्क्रीन आली. उद्यासाहेबांनीच ती मागून घेतली होती. कार्डांवरची सगळी नोंद तिच्यात रोज आपोआप उतरायची, आणि कोणीही समोर स्टुलावर बसून स्वतः प्रश्न विचारावा, स्वतः उत्तर बघावे अशी सोय होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिला नऊ मिनिटेही मिळाली नाहीत. लोक लांबून बघत, स्टुलावर पिशव्या ठेवत आणि चिठ्ठी माझ्यातच टाकत. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटत होते.

मग ती बातमी आली. सगळ्यांत मोठ्या दवाखान्याने कळवले होते की डागाळलेल्या चादरी अशाच येत राहिल्या तर आम्ही दुसरी लाँड्री बघू. मालकीणबाईंनी अहवाल उघडला. ‘परत’: सकाळपाळी नव्वद, दुपारपाळी तीनशे बारा. त्यांनी ठरवले की दुपारपाळीचे घडीचे टेबल बंद करायचे. त्या टेबलावर चौदा बायका होत्या. सकाळपाळीत जागा होत्या सहा. शेवटचा निर्णय पुढच्या सोमवारी होणार होता.

भिंगबाई त्याच दुपारी चिठ्ठी घेऊन आली, पण माझ्यात टाकायला थांबली नाही. तिने सरळ दार उघडले.

"साहेब, आमचा हा आकडा कुठून येतो ते मला बघायचंय."

"तीन आठवडे लागतील, बाई. तुमच्या आधी एकतीस चिठ्ठ्या आहेत."

"माझ्याकडे आठ दिवस आहेत."

उद्यासाहेबांनी बोळातल्या स्क्रीनकडे बोट केले. "मग ती आहे. आपला हात जगन्नाथ."

"मला नाही येत ते."

"चादर कशी तपासता?"

"उजेडात धरते. मग उलटी करते. मग कोपरे बघते."

"इथेही तेवढंच करायचं. या, जेवणाच्या सुट्टीत दाखवतो."

ती दुसऱ्या दिवसापासून पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी येऊ लागली. स्टुलावरच्या पिशव्या खाली ठेवायची, पदराने माऊस पुसायची आणि बसायची. पहिल्या दिवशी तिला एवढेच जमले की तीनशे बाराचा एक लाल खांब उभा राहिला. कागदावर नुसता आकडा होता, इथे बुरूजच दिसू लागला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिने आता उठावे आणि माझ्यात चिठ्ठी टाकावी असे मला मनापासून वाटले. मत्सर वाईट, आणि तो पत्र्यालाही होतो.

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो खांब दवाखान्यांप्रमाणे फोडला. बहुतेक नोंदींपुढे दवाखान्याच्या तक्रारीचा क्रमांकच नव्हता, रकाना रिकामा होता.

"तक्रारीच्या चादरी गेटवर नोंदतात. गेटवाले आळस करतात," उद्यासाहेब म्हणाले. "क्रमांक घालत नाहीत."

"गेटवाला आळशी असेल, पण दुपारीच आळशी आणि सकाळी कामसू, असं कसं?" भिंगबाई म्हणाली.

त्या रात्री घरी जाऊन ती काय विचार करत होती ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी ती बसली ती नवा प्रश्न घेऊनच. ही खूण केली कुठे? तिने नोंदीच्या जागेचा रकाना माऊसने ओढून खांबावर आणून सोडला आणि खांब दोन रंगांत फुटला. दुपारपाळी: घडीच्या टेबलावर दोनशे एक्क्याण्णव, गेटवर एकवीस. सकाळपाळी: घडीच्या टेबलावर बारा, गेटवर अठ्ठ्याहत्तर.

ती बसल्या जागी ताठ झाली. "साहेब, जरा बाहेर या. ‘परत’ म्हणजे तुम्ही काय धरता?"

"परत म्हणजे परत आलेलं. गिऱ्हाईकाने धाडलेलं. दुसरं काय?"

"आमच्या टेबलावर परत म्हणजे पुन्हा. परत धुवायला. डाग दिसला की आम्हीच थांबवतो आणि परत टाकतो."

उद्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मित्रांनो, इथे ‘ध’चा ‘मा’ कोणी केला नव्हता. शब्द तोच होता. गेटवर त्याचा अर्थ एक, टेबलावर दुसरा, आणि संगणकाने दोघांनाही एकाच गाठोड्यात बांधले होते. जी पाळी डाग पकडत होती ती दोषी ठरली, आणि जी डागासकट चादरी पाठवत होती ती मिशीवरून हात फिरवत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच. काखेत कळसा होता आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षे गावाला वळसा घालत होतो. बंद दाराआडच्या हुशार माणसाला हे दिसले नसते, कारण त्याने निळा टब कधी पाहिलाच नव्हता. दिसले ते टबात चादर टाकणाऱ्या बाईला, कारण आकडा आता तिच्या हातात आला होता.

एवढ्यावर ती थांबली असती तर मी तिला हुशार म्हटले असते. ती थांबली नाही, म्हणून मी तिला मानते. उरलेले पाच दिवस ती त्या एकवीस नोंदींच्या मागे लागली. "ते आमचे खरे डाग आहेत," ती म्हणाली. "सुटले कसे ते बघू दे." तिने ते घडी घातल्याच्या वारांप्रमाणे लावले. एकवीसपैकी सतरा गुरुवारचे होते.

गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी असे.

सोमवारी सगळे बोळात जमले, कारण स्क्रीन तिथेच होती. मालकीणबाई पुढे, झटपट त्यांच्या बाजूला, उद्यासाहेब दारात. भिंगबाईने खांब उभा केला, फोडला, ‘परत’चे दोन अर्थ सांगितले. तिने एकही पायरी गाळली नाही.

झटपट म्हणाला, "स्क्रीनचं काय, शिकवाल तशी बोलते."

"मग तुम्ही विचारा तिला," भिंगबाई म्हणाली आणि स्टुलावरून उठली. "मी हात लावत नाही."

झटपट बसला. त्याने माऊस इकडे ओढला, तिकडे ओढला, महिना बदलला, दवाखाना बदलला. सकाळपाळीचे गेटवरचे आकडे प्रत्येक वेळी वरच आले. तो मिशीला हात न लावता उठला. मित्रांनो, हाच या यंत्राचा मोठा गुण. पूर्वी ज्याच्या हातात अहवाल, त्याच्या हातात न्याय असे. आता संशय घेणाऱ्यालाही त्याच स्टुलावर बसून स्वतः खात्री करता येते, आणि हातच्या काकणाला आरसा लागत नाही.

"आणखी एक आहे, मालकीणबाई," भिंगबाई म्हणाली. "आमचे सतरा डाग गुरुवारी सुटलेत. मी नसते तेव्हा. चूक माझी आहे. चादर कशी बघायची ते मी बाकीच्यांना कधी शिकवलंच नाही. वाटायचं, मी आहे ना."

उद्यासाहेब हळूच म्हणाले, "मीसुद्धा आकड्यांचं तेच केलं की."

मालकीणबाई आता स्वतः स्टुलावर बसल्या. त्यांनी कोणाला न विचारता काळाचा रकाना मागे ओढला. दोन वर्षे मागे, आत्याच्या सुपरवायझरपदाच्या शेवटच्या महिन्यापाशी. दुपारपाळी: घडीच्या टेबलावर तीनशे पाच, गेटवर चार. त्यांनी माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"मी तिला काढलं," त्या म्हणाल्या. "चार चादरींसाठी."

त्या दिवशी दुपारपाळीचे टेबल वाचले. चौदाच्या चौदा बायका राहिल्या. ‘परत’ हा शब्द कार्डावरून काढून टाकला आणि त्याच्या जागी दोन रकाने आले, ‘पुन्हा धुलाई’ आणि ‘गिऱ्हाईकाकडून आले’. घडीच्या टेबलाजवळ एक स्क्रीन बसली आणि गेटवर एक. आणि माझे काम संपले. दोन आठवड्यांत माझ्या पोटात एकही चिठ्ठी पडली नाही. मालकीणबाईंनी फिटरकाकांना मला उतरवायला सांगितले.

काका आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी चारी स्क्रू काढले, मला उलटे केले, पोचा बघितला आणि ते चुकचुकले. "जोड उकललाय की हिचा. कुणी सांगितलं नाही." त्यांनी पक्कड घालून पत्रा वाकवला आणि चौघडी केलेला पिवळा कागद जमिनीवर पडला. समोरून भिंगबाई येत होती. तिने तो उचलला. अक्षर आत्याचे होते, ते तिने लगेच ओळखले.

दोन वर्षे जो कागद मी पोटात बाळगला होता, त्यात काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. तिने तो काकांना वाचून दाखवला.

"साहेबांस नमस्कार. अहवालात ‘परत’ म्हणजे आपण नक्की काय धरता, ते कृपया कळवावे. दुपारपाळी."

तोच प्रश्न. आठ दिवसांत भाचीने जो सोडवला, तोच, दोन वर्षे आधी, एका ओळीत.

पुढच्या आठवड्यात आत्या बोळात आली. मालकीणबाई स्वतः तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. आत्या सुपरवायझरपद नको म्हणाली, पण दोन्ही पाळ्यांना चादर बघायला शिकवायला ती तयार झाली. पहिल्या रांगेत झटपटला उभे केले होते. शिकवणी सुरू होण्याआधी भिंगबाईने तिला माझ्याजवळ आणले आणि पिवळा कागद हातात दिला. आत्याने तो उलगडला, वाचला, पुन्हा त्याची चौघडी केली.

"म्हणजे हा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता?" ती म्हणाली. "मला वाटलं, वाचून टाकून दिला. उत्तर द्यायच्या लायकीची समजले नाहीत मला."

"आत्या, मला ठाऊक असतं तर," उद्यासाहेब दारातून म्हणाले आणि बाहेर येऊन तिच्यासमोर उभे राहिले.

आत्याने माझ्या पोच्यावर हात ठेवला. तो हात रागाचा नव्हता. मला तो आजही जाणवतो.

मला भंगारात दिले नाही. काकांनी जोड पक्का केला, रंग दिला आणि घडीच्या टेबलाजवळच्या स्क्रीनखाली टांगले. आता माझ्यावर लिहिले आहे, ‘शब्द कळला नाही तर विचारा.’ आकडे लोक स्वतः बघतात. इस्त्रीवाला आपला रोलर कधी मंदावतो ते बघतो, गेटवाला कोणता दवाखाना नाराज आहे ते बघतो, आणि त्याच दिवशी उपाय करतो. उद्यासाहेबांना आता वेळ मिळतो. ते वही घेऊन टेबलाटेबलांवर फिरतात आणि कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ, ते विचारून लिहून घेतात. ते आता उद्या म्हणत नाहीत, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

मित्रांनो, शेजारच्या स्क्रीनचा मला आता मत्सर वाटत नाही. ती माझ्यापेक्षा लवकर उत्तर देते आणि कोणाला ताटकळत ठेवत नाही. पण तिच्यात जे घालाल तेच ती दाखवते. म्हणून आपला प्रश्न आपण विचारायला शिका, आणि त्यातला शब्द समोरच्याला आपल्यासारखाच कळतो का, तेही तपासा. आपल्याला जे येते ते चारचौघांना शिकवा, म्हणजे आपल्या सुट्टीच्या दिवशीही काम अडणार नाही. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंचा पोचा दिसला तर नुसता बघून पुढे जाऊ नका. त्याच्या मागे कोणाचा तरी प्रश्न अडकलेला असू शकतो.

दर शनिवारी फिटरकाका माझे झाकण उघडतात आणि तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवून बघतात. अजून तरी त्यांना काही सापडलेले नाही.